मागच्या भेटीचे आभार

एकदा एका तालुक्याच्या गावी एक मुख्याध्यापक होता. माणूस सरळ, कामसू आणि परिपत्रकांवर नितांत श्रद्धा असलेला. त्याच्या संस्थेने त्याला स्वीडन नावाच्या थंड देशात अभ्यासदौऱ्यावर धाडले. दौऱ्याचा विषय होता, शाळांतील हिंसेला प्रतिबंध. तिकडे तो हा विषय समजून घेत असताना इकडे त्याच्याच शाळेच्या फाटकाबाहेर दहावीतल्या विश्वजितने त्याच वर्गातल्या प्रणव ढोबळेवर कोयता चालवला. इस्पितळ गाठण्याआधीच प्रणव गेला. दैवाला विनोदबुद्धी असते. ती चांगली असते असे मात्र कोणी सांगितलेले नाही.

मुख्याध्यापक परतला तेव्हा विश्वजित जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात होता, प्रणवचे दिवस होऊन गेले होते आणि गावात एकच कुजबुज चालू होती. ढोबळ्यांकडची पोरे बदला घेणार. विश्वजित त्यांच्या हाती लागणार नव्हता; पण त्याचा धाकटा भाऊ सुजित याच शाळेत आठवीत शिकत होता आणि रोज एकटा येत-जात होता.

मुख्याध्यापकाने हातपाय हलवले. फाटकात धातू ओळखणारी कमान बसवली. पहिल्याच सकाळी तिने प्रत्येक मुलापाशी ठणाणा केला, कारण प्रत्येकाच्या दप्तरात स्टीलचा डबा होता. दुपारपर्यंत रखवालदाराने तिची घंटा बंद केली. कमान राहिली. आपल्याकडे कमानी राहतातच.

शिवाय स्वीडनहून आणलेल्या सुधारणाही होत्या. तिकडे मुले शाळेच्या दारात बूट काढतात, म्हणून येथेही बुटांसाठी लाकडी खण आले आणि त्यांचे कंत्राट संस्थेच्या अध्यक्षांच्या मेहुण्याकडे गेले. तिकडे मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंत सगळे ठरल्या वेळी एकत्र बसून कॉफी पितात. येथेही तशी वेळ ठरली; शिक्षक एका टेबलाशी बसले, शिपाई कपबशा धूत उभा राहिला.

अध्यक्षांनी मात्र व्यवहाराची गोष्ट सांगितली. "त्या धाकट्याच्या हातात दाखला द्या आणि मोकळे व्हा. काही व्हायचंच असेल तर दुसऱ्याच्या फाटकाबाहेर होईल. शनिवारपर्यंत वाट बघतो."

मुख्याध्यापकाला झोप लागेना. सुजितला ठेवावे तर त्याचा जीव जाईल, काढावे तर तो कोठे जाईल? गुरुवारी संध्याकाळी तो आपल्या जुन्या गुरुजींकडे गेला. गुरुजी पडवीत वाल सोलत बसले होते. वय झाले होते, पण वालाला कीड कोठे आहे ते त्यांना अजून दिसत होते.

"बस. काय पाहिलंस तिकडे?"

"गुरुजी, प्रश्न इकडचा आहे."

"तो मला माहीत आहे. तिकडचं सांग."

मुख्याध्यापकाने सांगितले. बूट, कॉफी, बसथांब्यावर अंगाला खरूज असल्यासारखी एकमेकांपासून दूर उभी राहणारी माणसे. "आणि मुलं शिक्षकांना सरळ नावानं हाक मारतात."

"आपल्याकडेही मारतात. पाठीमागे. नाव तेवढं निराळं असतं. आणखी?"

"आणखी काही नाही. हां, एक खुळचट चाल आहे. कोणी भेटलं की 'मागच्या भेटीबद्दल आभार' म्हणतात. एका बाईंकडे जेवायला गेलो होतो. चार-पाच दिवसांनी त्या रस्त्यात भेटल्या आणि त्याच म्हणाल्या, मागच्या भेटीबद्दल आभार, तुमच्या आईच्या गुडघ्याचं पुढं काय झालं? मी गोंधळलो. मी आईच्या गुडघ्याचा विषय काढला होता हे माझ्याच लक्षात नव्हतं."

गुरुजींचा हात वालावर थांबला. "हे तू अहवालात लिहिलंस?"

"यात लिहिण्यासारखं काय आहे?"

"उद्या सकाळी येतो," गुरुजी म्हणाले. "तोवर कोणाला दाखला देऊ नकोस."

शुक्रवारी शाळा भरायच्या आधीच गुरुजी त्या मुक्या कमानीच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसले. शिक्षक, कारकून, शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या बाया, सगळ्यांना त्यांनी शेजारी उभे केले आणि एक चमत्कारिक नियम सांगितला. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाविषयी, त्याच्याशी झालेल्या मागच्या भेटीतली एक गोष्ट यांपैकी कोणीतरी सांगायची. सांगितली की मूल वर्गात जाईल. कोणालाच सांगता आली नाही तर ते मैदानात बसेल.

"गुरुजी, पहिला तास बुडेल," गणिताचे सर म्हणाले.

"एक पोरगं बुडालं, तेव्हा तास बुडाला होता का?"

सर खडू खिशात टाकून रांगेत उभे राहिले.

आरंभी गंमत वाटली. प्रयोगशाळेतला बेडूक मुलींच्या वर्गात सोडणारा आला. त्याच्याविषयी सांगायला चौघे एकदम पुढे झाले. पहिला क्रमांक सोडू न शकणारी एक मुलगी आली. तिच्याशी तर सगळेच बोलत. प्रणवचे चार दोस्त आले, ज्यांच्यावर हवालदाराची नजर होती. त्यांच्या भानगडी शाळेला तोंडपाठ होत्या. तेही आत गेले.

मग गाडे अडले.

"हा चांगला मुलगा आहे," मराठीच्या बाई एकाविषयी म्हणाल्या.

"हे वर्णन झालं. भेट कुठली?"

"याच्या वहीला कव्हर नसतं," दुसऱ्याविषयी कोणी म्हणाले.

"ती वहीची भेट. मुलाची सांगा."

मुले एकेक करून मैदानाकडे वळू लागली. मुख्याध्यापक पाहत होता. घंटा झाली तेव्हा वर्गात गेलेल्यांपेक्षा मैदानात बसलेले जास्त होते. कोणी दंगा करत नव्हते. ही सगळी शांत मुले होती, प्रगतिपुस्तकावर 'वर्तन समाधानकारक' असा शेरा मिळवणारी. विश्वजितच्या प्रगतिपुस्तकावरही दरवर्षी हाच शेरा होता, हे त्याला आठवले.

सुजित आला. सगळ्यांनी जमिनीकडे पाहिले. तो स्वतःच मैदानात जाऊन बसला आणि त्याच्या चारी बाजूंना आपोआप जागा मोकळी झाली.

त्याच्यामागून हर्षद आला. प्रणवचा चुलतभाऊ, नववीतला. त्याच्यावर कोणाचा संशय नव्हता. खरे तर त्याच्यावर कोणाचे काहीच नव्हते.

"हा कोण?" एका सरांनी हळूच विचारले.

हर्षदही मैदानात गेला. दप्तर पाठीवरून काढून त्याने मांडीवर घेतले आणि त्यावर दोन्ही हात ठेवून तो बसला.

"आता?" मुख्याध्यापकाने विचारले.

"आता तू जाऊन बस त्यांच्यात. आणि मुलांनाही विचार. सांगणारा मोठाच असला पाहिजे असं मी कुठं म्हटलं?"

मुख्याध्यापक मातीत बसला. नवी विजार होती, स्वीडनसाठी शिवलेली. त्याने एकेका मुलाविषयी विचारायला सुरुवात केली. मुले एकमेकांविषयी सांगू लागली. याच्या बहिणीचं लग्न मोडलं. हा परवा रडत होता, विचारलं तर डोळ्यात माती गेली म्हणाला. एकेक उठून वर्गात जाऊ लागले. शेवटी तो हर्षदपाशी आला.

"याच्याविषयी कोण सांगेल?"

मग मोकळ्या जागेतून एक हात वर झाला. तो सुजितचा होता.

"मी सांगू का, सर?"

"सांग."

"काल शाळा सुटल्यावर हा माझ्या मागं मागं आला. परवापण आला होता. बोलत काही नाही. मी चालायचं थांबलो की थांबतो. काल घरापर्यंत आला. मी आतून कडी लावली, तरी समोर उभाच होता."

मुख्याध्यापकाला कळले की अख्ख्या शाळेत हर्षदकडे ज्याचे लक्ष होते असा एकच जण होता, आणि त्याला ते ठेवणे भाग होते.

"झालं," फाटकातून गुरुजी म्हणाले. "सांगणारा मिळाला. हर्षद, वर्गात जा."

हर्षद उठला नाही. दप्तरावरची त्याची बोटे पांढरी पडली होती.

"जातो. पण मग याच्याबद्दल कोण सांगणार?" त्याने सुजितकडे न पाहता विचारले.

"तूच सांग. मागची भेट तुझीच आहे."

हर्षद सुजितच्या पायांतल्या चपलांकडे पाहत राहिला.

"यानं कडी लावली," हर्षद म्हणाला. "मग जरा वेळानं खिडकी उघडली. मला म्हणाला, पाणी पाहिजे का."

"घेतलंस?"

"नाही." त्याचा आवाज फाटला. "घेतलं असतं तर मग..."

त्याने वाक्य पुरे केले नाही. दप्तर उचलून मुख्याध्यापकाच्या पुढ्यात ठेवले आणि गुडघ्यांत डोके घातले. डब्याच्या खाली टॉवेलात गुंडाळलेली घरातली भाजीची सुरी होती. हे दप्तर रोज कमानीखालून आले होते.

हर्षदच्या वडिलांना बोलावणे गेले. मुख्याध्यापक त्या बापलेकांबरोबर स्वतः ढोबळ्यांच्या घरी गेला आणि प्रणवच्या आईसमोर बसला. तिच्याकडून जे ऐकायला हवे होते ते त्याने मान खाली घालून ऐकले. संध्याकाळी त्याने अध्यक्षांना सांगितले की सुजितला दाखला मिळणार नाही. फार तर आपण राजीनामा देऊ. अध्यक्ष म्हणाले, विचार करू. ते विचार करू म्हणतात तेव्हा करत नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

मग तो पुन्हा पडवीत जाऊन बसला.

"गुरुजी, आज वाचलो. पण तुम्हाला त्या चालीत काय दिसलं ते मला अजून उमगत नाही. आभार मानल्यानं सुऱ्या बोथट होतात का?"

"नाही होत," गुरुजी म्हणाले. "त्या देशातही शाळांत रक्त सांडलं आहे. चाल उत्तम असली तरी ती पाळताना माणसं झोपी जातात, तिथलीही. मला आभारांशी कर्तव्य नाही. पण मागच्या भेटीचे आभार मानायचे तर मागची भेट आठवावी लागते. ती आठवायची तर भेटताना समोरच्याकडे बघावं लागतं. तू आमच्यासाठी बूट आणलेस, कॉफी आणलीस, आणि त्या बाईंनी तुझ्या आईचा गुडघा लक्षात ठेवला ते खुळचट म्हणून तिथंच टाकून आलास. अरे, ज्या पोराला ठाऊक असतं की आज मी जे करीन, बोलीन, सोसीन, त्याचं उद्या कोणीतरी मला विचारणार आहे, त्याचा हात सुरीकडे जाताना क्षणभर अडखळतो. ज्याच्या कालची कोणालाच आठवण नाही, त्यानं उद्याची भीती का बाळगावी? कमान दप्तर तपासते. पोराला तपासायला आपण नेमलेले आहोत, आणि आपली घंटा रखवालदाराच्या आधीच बंद झाली होती."

मुख्याध्यापक उठून निघाला तेव्हा गुरुजी म्हणाले,

"तुझं एक पोर आज मैदानात नव्हतं."

रविवारी मुख्याध्यापक जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात गेला. तेथील अधिकाऱ्याने आश्चर्याने विचारले की आपण नातेवाईक आहात का. शाळेतून अद्याप कोणी आले नव्हते. विश्वजितला समोर बाकावर आणून बसवले. तो वाळला होता. मिसरूड फुटू लागलेल्या त्या चेहऱ्याकडे मुख्याध्यापकाने पाहिले आणि वाटभर जुळवलेली उपदेशाची वाक्ये गिळून टाकली. नियमाप्रमाणे मागच्या भेटीपासून आरंभ करायचा होता. त्याला ती आठवेना.

"विश्वजित, आपण मागं कधी बोललो होतो?"

"तुम्ही परदेशात जायच्या आदल्या दिवशी, सर."

"वर्गात?"

"तुमच्या ऑफिसात. सत्कार होता तुमचा. तुम्ही कानटोपी घालून बघत होता आणि सगळे सर हसत होते. मी दारात उभा होतो. म्हटलं, सर, प्रणव आणि ती पोरं... मला जरा बोलायचंय. तुम्ही म्हणालात, आल्यावर बघू."

कानटोपी मुख्याध्यापकाला लख्ख आठवली. तिचा रंग, तिचा लोकरीचा वास, कोणी काय विनोद केला तेही. दारातले पोर आठवले नाही.

"आलोय मी," तो म्हणाला. "बोल."

विश्वजित पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मग बोलू लागला. अधिकाऱ्याने दोनदा वेळ संपल्याची खूण केली, तरी मुख्याध्यापक उठला नाही. त्याने सगळे ऐकले, अगदी पहिल्या दिवसापासून. प्रणवला त्याचा आता काही उपयोग नव्हता.