ठिपक्याच्या कानातले रातकिडे

माणसाने रानात अजून पायवाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी वाळकी फांदी कडकन मोडली, आणि खाली चरणाऱ्या ठिपक्या चितळाचा कान हललासुद्धा नाही. वर बसलेल्या कावरी वानरीने वाकून पाहिलं. चितळाचा कान, आणि हलत नाही?

त्या रानाची रीत साधी होती. वानरांनी वरून बघायचं, चितळांनी खाली वास घ्यायचा, धोका कळेल त्याने हाक द्यायची आणि दुसऱ्याने ओ द्यायची.

कावरी उतरून बघते तर काय, ठिपक्याने बांबूच्या पुंगळ्यांत रातकिडे कोंडून त्या दोन्ही कानांत घट्ट खोचलेल्या! तिने एक ओढून काढली.

“अरे, निदान एक कान तरी मोकळा ठेव!”

“कावरे, तू तर पान पडलं तरी ओरडतेस. त्यापेक्षा यांचं गाणं बरं,” म्हणत ठिपक्याने पुंगळी पुन्हा कानात सारली.

कावरी रुसून शेंड्यावर गेली, आणि तिथून दिसलं! गवतातून बिबट्या सरपटत येत होता, थेट ठिपक्याच्या पाठीमागे!

“खक्! खक्!”

सगळा कळप उधळला. ठिपक्या मात्र मान खाली घालून तालात चरतोय! ओरडून ओरडून कावरीचा घसा फाटायला आला. मग तिने हाताला लागतील ती कवठं तोडून भिरकावली. पहिलं चुकलं, दुसरं चुकलं, तिसरं बसलं थेट कानावर! पुंगळी उडाली.

“पळ!” कावरी किंचाळली.

बिबट्याचा पंजा नुसत्या गवतावर आपटला, आणि ओढ्यापलीकडून धापा टाकत ओ आली, “ऐकलं गं कावरे, ऐकलं!”