अर्धवट तुडवलेली लोकर

एकदा एका वृद्ध कोशकारांकडे त्यांचा शिष्य इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहीत बसला होता. ‘वॉक’ या शब्दापुढे त्याने लिहिले, ‘चालणे, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे.’ गुरुजींनी त्यातला उत्तरार्ध खोडला.

“का, गुरुजी?”

“ते राहू दे. घरून आल्यापासून तुझा चेहरा उतरला आहे. आधी त्याचे सांग.”

शिष्याचे वडील गावी जेन करीत. ओली लोकर पसरून तासन्‌तास पायांनी तुडवली, की तिचे जाड अंथरूण होते, ते जेन. त्या घरचा एक रिवाज होता. अर्धवट तुडवलेली लोकर कधी गुंडाळायची नाही. एकाने पाय काढला तर दुसऱ्याने ठेवायचा. वडील तुडवता तुडवताच कोसळले आणि गेले. शिष्याने ती लोकर गुंडाळून कोपऱ्यात सारली, खोलीला कडी घातली आणि शहर गाठले. कडी घातल्याने काम संपते, असे त्याला वाटले!

“आता रोज टळटळीत दुपारी त्या बंद खोलीतून पावलं ऐकू येतात. एक पूर्ण, एक घासत. बाबा लंगडायचे. आई दाराशी बसून राहते, अन्नाला शिवत नाही. म्हणते, ‘ते राबतायत रे, मी कशी जेवू?’ गुरुजी, अशानं ती हातची जाईल.”

गुरुजींनी लेखणी ठेवली आणि चपला पायांत सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गावी त्या खोलीची कडी काढून, त्यांनी शिष्याला तीच लोकर भिजवून पसरायला लावली, त्याला तिच्यावर उभे केले आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतले. शिष्याला दरदरून घाम फुटला. त्याने पाय उचलला. शेजारी आणखी कुणीतरी उचलला. एक पूर्ण, एक घासत. पळून जावे असे फार वाटले. पण दाराबाहेर उपाशी आई होती. तो तुडवत राहिला. लोकर घट्ट झाली, तेव्हा खोलीत एकच चाल उरली होती.

तो बाहेर आला. आई म्हणाली, “थांबले,” आणि उठून चुलीकडे गेली.

गुरुजी म्हणाले, “‘वॉक’ या शब्दाच्या जुन्या रूपाचा अर्थ होता घोळणे, लोळवणे. पुढे इंग्लंडात ओले लोकरी कापड तुडवणाऱ्यांचे नावही त्याच शब्दावरून पडले. तू त्यातले जाणे तेवढे उचललेस आणि गेलास. तुझे वडील जन्मभर चालले, ते या खोलीतल्या खोलीत. त्यातून लोकांची अंथरुणे झाली. पुढचा पाय कुणी ठेवीपर्यंत त्यांनी थांबायचे तरी कसे?”

शिष्याचे डोळे भरून आले. “आमची दोघांची पावलं ऐकलीत ना, गुरुजी?”

“मला एकाचीच ऐकू आली,” गुरुजी हळूच म्हणाले. “पण तू लंगडत होतास.”

शिष्य आपल्या पायाकडे पाहत राहिला. आत आईने भाकरी मोडली होती.