बयजा कासारणीचा मांडव

नदीवर पूल नव्हता आणि गावाला लाज नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

उंबरडोह गावात तेव्हा बयजा नावाची कासारीण बांगड्या भरायला यायची. सात गावांतल्या बायकांचे हात तिच्या ओळखीचे होते. ती एकवेळ चेहरा विसरेल पण मनगट विसरणार नाही, असं म्हणतात. हात हातात घेऊन दाबला की त्या बाईच्या घरात काय चाललंय ते तिला कळायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणी मार खाल्लाय, कुणाचं आयुष्य किती उरलंय, सगळं. आणि तिच्यासमोर बसलेल्या बाईला मधेच उठता यायचं नाही, कारण हात बयजाच्या मुठीत आणि बांगडी अर्ध्यावर. त्यामुळे तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावंच लागायचं.

त्या गावाच्या घाटावर सटवा नावाचा नावाडी होता. त्याची खोपी नदीच्या पलीकडे होती. आणि अलीकडे, गावात, गोजरा राहायची. सातव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि आठव्या वर्षी नवरा गेला. लग्नाचा हिरवा चुडा बयजानंच भरला होता. तो दगडानं फोडला तेव्हाही बयजा त्याच आळीत दुसऱ्या दारात बसलेली होती. फुटल्याचा आवाज तिनं ऐकला आणि समोरच्या बाईच्या हातात पुढची बांगडी चढवली. हे ती जन्मभर विसरली नाही.

मग पटकीचं साल आलं. ज्या घरात माणूस आजारी पडेल त्या घरानं त्याला घाटावर आणून ठेवायचं, असं गावानं ठरवलं. ठरवायला सगळे होते. त्या माणसांना उचलायला मात्र एकटा सटवा होता. त्यानं एकेकाला नावेत घालून पलीकडे नेलं आणि स्वतःच्या खोपीत निजवलं. तिसऱ्या दिवशी गोजरा नदी पोहून गेली आणि तिनं तिथं चूल मांडली. दोघांनी मिळून माणसांची घाण काढली, पेज भरवली, मेलेल्यांना माती दिली. साथ सरली तेव्हा एक्केचाळीस जणं जिवंत परत आली.

गावानं दोघांना नावाजलं. देवळात त्यांच्या नावानं नारळ फोडला. पण त्या दोघांनी एकमेकांशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा गाव नारळ विसरलं. विधवेचं लग्न म्हणजे पाट, पंच म्हणाले. आणि पाट लागतो तो अंधारात, गावाच्या कडेला. सवाष्णीनं त्याकडे बघायचं नसतं.

गोजरा म्हणाली, "मी काही चोरलेलं नाही. लागलं तर उन्हात लागेल."

तेव्हापासून नऊ वर्षं ती अलीकडे राहिली आणि तो पलीकडे. रोज सकाळी ती घाटाच्या दगडावर त्याची भाकरी ठेवायची आणि चार पावलं मागं सरायची. तो यायचा, भाकरी उचलायचा, तिच्याकडे एकदा बघून निघून जायचा. एका नावेत दोघं कधी बसली नाहीत. गावाला बोट ठेवायला त्यांनी जागा दिली नाही, असं म्हणतात. ज्या गावाला जागा द्यायची नाही म्हणून दोन माणसांनी नऊ वर्षं अशी काढली, ते गाव तेवढ्या काळात मजेत जेवत होतं, हेही म्हटलं पाहिजे.

एका आषाढाच्या आधी बयजा नावेतून आली. उतरताना सटवानं तिला हात दिला. तो हात तिच्या हातात पडला आणि तिनं तो दाबून धरला. हात गार होता, नखं निळी पडली होती, आणि नाडी अशी चालत होती जशी दमलेली बाई चढ चढते. पाच दिवस, बयजाला कळलं. फार तर पाच.

"सटवा, कधीपासून रे हे?"

"मावशी, वल्हं जड झालंय थोडं, बस्स," तो म्हणाला. "तिला सांगू नका."

ती घाटावर बसून राहिली. बांगड्यांच्या माळा खांद्यावरून उतरवायचंही तिला सुचेना. या दोघांचं लग्न लावायचं दोनदा ठरलं होतं आणि दोनदा मोडलं होतं. दोन्ही वेळा बायकांनी विहिरीवर सगळ्यांसमोर बोलणं केलं, संध्याकाळी ते पुरुषांच्या कानी गेलं आणि सकाळी पाटलानं घाटावर माणसं उभी केली. दुसऱ्या वेळी गोजरा नेसून तयार बसली होती. त्यानंतर तिनं सांगितलं होतं की आता मला पुन्हा कुणी आशा लावू नका, मला ती पेलत नाही.

म्हणून बयजानं ठरवलं की या खेपेला त्या दोघांना अक्षता अंगावर पडेपर्यंत कळू द्यायचं नाही. आणि गावातल्या एकीचं दुसरीला कळू द्यायचं नाही.

चार दिवस ती दारोदार फिरली. हात धरायचा, बांगडी अर्ध्यावर थांबवायची आणि बोलायचं. पाचव्या दिवशी ऊन उंबराच्या शेंड्यावर आलं की मूठभर अक्षता घेऊन घाटावर यायचं. सख्ख्या जावेलाही सांगायचं नाही. बांगडीवर हात ठेवून शपथ घ्यायची.

पाटलाच्या घरी पाटलीण सरसाबाई होती, मोठ्या तोंडाची.

"सोड की हात, मावशी. चूल पेटलीय माझी."

"पेटू द्या. पटकीच्या साली तुमची लेक पलीकडे कुणी नेली, पाटलीणबाई?"

सरसाबाईनं चुलीकडे पाहिलं.

"तिला पेज कुणी भरवली?"

"हात दुखतोय माझा."

"दुखणारच. बांगडी हाडावर आहे. येणार का नाही ते सांगा, म्हणजे एकतर चढवते नाहीतर काढते."

"येईन," सरसाबाई हळूच म्हणाली. मग तिनं विचारलं, "आणखी कोण कोण येणार आहे?"

"ते तुम्हाला कशाला? तुम्ही तुमचं बघा."

हेच उत्तर बयजानं प्रत्येक दारात दिलं. जोशीबुवांनाही ती भेटली. ते म्हणाले, मी एकटा काही येणार नाही. मांडवात माणसं दिसली तर अंतरपाट घेऊन येईन. बयजा म्हणाली, माणसं दिसतील. चाळीस घरांनी तिला शब्द दिला होता आणि एकीचीही बांगडी शपथ घेताना पिचकली नव्हती.

पाचव्या सकाळी तिनं घाटावर चार मेढी रोवल्या, वर आंब्याचे डहाळे टाकले. साठीच्या बाईनं एकटीनं घातलेला मांडव तो, एका अंगाला कललेला. पाटावर हिरवा चुडा मांडून ती बसली.

गोजरा भाकरी घेऊन आली आणि मांडव बघून दगडापाशीच थांबली. पलीकडून नाव निघाली. रोज ती दहा वल्ह्यांत यायची, त्या दिवशी मधेच फिरत, थांबत आली. सटवा उतरला तो काठाला धरून. खाली बसत त्यानं विचारलं, "कुणाचं लग्न, मावशी?"

"येतील आता," बयजा म्हणाली.

ऊन उंबराच्या शेंड्यावर आलं. शेंड्यावरून फांद्यांवर उतरलं. गावाच्या वाटेवर एक कुत्रं आलं, बसलं आणि उठून परत गेलं. बाकी कुणी नाही.

"कुणाला सांगितलंस?" गोजरानं विचारलं.

"सगळ्यांना."

"सगळ्यांना एका जागी?"

"एकेकीला. घरात गाठून."

गोजरानं भाकरीचं फडकं दगडावर ठेवलं. "म्हणजे प्रत्येकीला वाटत असणार, आपण एकट्याच," ती म्हणाली.

तेव्हा बयजाला आपलं काय चुकलं ते कळलं, आणि कळून काही उपयोग उरला नव्हता. तिकडे गावात चाळीस दारं बोटभर उघडी होती. प्रत्येक दारामागं एक बाई मुठीत अक्षता धरून उभी होती आणि फटीतून समोरच्या दाराकडे बघत होती. समोरचं दार उघडलं की निघू, असं ती म्हणत होती. समोरची तिच्या दाराकडे बघत तेच म्हणत होती. जोशीबुवा काखेत अंतरपाट घेऊन स्वतःच्या दारामागं उभे होते. पटकीच्या वेळी कुणी पुढं जातंय का हे न बघता जो पुढं झाला, त्याच्यासाठी अख्खं गाव एकमेकांची दारं बघत राहिलं. गाव वाईट नव्हतं, असं म्हणतात. वाईट असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

"बांगड्या आणल्यात का, मावशी?" सटवानं विचारलं. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

बयजानं गोजराचा हात हातात घेतला. चोवीस वर्षांनी. पेज ढवळून, लाकडं फोडून तो हात पुरुषासारखा झाला होता, पण बांगड्या तेलाचा थेंब न लावता चढल्या, एकही पिचकली नाही. चढवताना बयजा रडत होती. गोजराच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"ऊन आहे ना?" गोजरा म्हणाली. "मग झालं."

सटवानं तिला नावेत हात दिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघं एका नावेत बसली. त्यानं वल्ह्याला हात घातला पण त्याच्यानं ते उचलेना, तेव्हा गोजरानं ते घेतलं. पहिलं वल्हं मारलं आणि तिचा चुडा वाजला.

तो आवाज गावात चाळीस घरांत ऐकू गेला, असं म्हणतात. ऐकू गेला म्हणजे कसा, तर दारामागं निश्चल उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या हातातल्या बांगड्या आपोआप वाजल्या. सरसाबाई दचकून बाहेर आली. समोरची बाहेर आली. दोघींनी एकमेकींच्या मुठी पाहिल्या आणि दोघींना सगळं कळलं. मग दारं धडाधड उघडली आणि अख्खं गाव घाटाकडे धावत सुटलं, बायका पुढं, जोशीबुवा मागं.

नाव तेव्हा मधोमध होती. वल्हं सुटलेलं होतं. सटवाचं डोकं गोजराच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या कपाळावर हात फिरवत होती. बायकांनी कमरेइतक्या पाण्यात शिरून अक्षता फेकल्या. नावेपर्यंत एक दाणा पोचला नाही. सगळ्या पाण्यावर पडल्या. त्या बुडाल्या नाहीत, एक लांब पांढरी रेघ होऊन नावेच्या मागं मागं गेल्या, असं म्हणतात. नाव डोहाच्या वळणाआड गेली, रेघही गेली. खालच्या गावांना ना नाव दिसली ना माणसं. रिकाम्या मांडवात जोशीबुवा मंगलाष्टकं म्हणत होते आणि त्यांना कुणी थांबवत नव्हतं.

बयजा उठली. ओल्या लुगड्यांनी उभ्या असलेल्या बायकांच्या रांगेतून ती गेली. एकेकीचं मनगट तिनं हातात घेतलं, जरा धरलं आणि सोडून दिलं. 

सरसाबाई म्हणाली, "मावशी, तू सांगितलं असतंस सगळ्या येणार म्हणून, तर आले असते गं मी."

बयजानं तिचाही हात सोडला. मग माळा मांडवाच्या मेढीला अडकवून ती चालू लागली, आणि त्या सात गावांत ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

पुढं वर्षभर उंबरडोहात कुणाच्या हातात बांगडी चढेना. नवे कासार आले, काच बदलली, तेल लावलं. बांगडी हाडापर्यंत जायची आणि पिचकायची. लग्नं अडली. शेवटी सरसाबाईच्या त्याच लेकीचं, पेज पिऊन वाचलेल्या लेकीचं लग्न निघालं, तेव्हा सरसाबाई भर सकाळी आळीत मधोमध उभी राहिली, दोन्ही हात वर करून तिनं आपल्या उरल्यासुरल्या जुन्या बांगड्या वाजवल्या आणि ओरडून सांगितलं, "मी निघाले गं." समोरच्या दारातून आवाज आला, "मीही निघाले." त्या दिवशी चुडा चढला.

अजून त्या गावात लग्नाची बोलावणी कुजबुजत करत नाहीत. लग्नाच्या सकाळी एकही दार लोटून घेत नाहीत. सगळ्यांत म्हातारी बाई आळीत येऊन हात वाजवते, "मी निघाले" म्हणते, आणि घराघरांतून उत्तर येतं. विधवेचं लग्न असलं तर मांडव भर दुपारी, घाटावर घालतात, आणि एक मेढ मुद्दाम कलती रोवतात.

मग नवराबायकोवर अक्षता टाकायच्या आधी सगळ्या जणी पाण्यापाशी जातात. पहिली मूठ नदीत सोडतात आणि म्हणतात, "उशीर झाला, बयजा." आता ते दाणे लगेच बुडतात.