चौथी पत्रिका

"पण बुवा, हिच्यात कमी काय आहे ते तरी सांगाल की नाही?"

रेवाने हे दुसऱ्यांदा विचारलं. अनंतबुवा बोरूला टोक काढत होते. त्यांनी टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि पुन्हा सुरी लावली.

बुवा खाडीकाठच्या मठात एकटेच राहत. दिवसा पोथ्या लिहीत, संध्याकाळी आरती करीत, आणि कुणी काही विचारलं तर बहुधा उत्तर देत नसत. रेवा लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे यायची, तेव्हा याच पडवीत बसून तिने त्यांच्याकडे अक्षर गिरवलं होतं.

आता त्या अक्षराला पुण्यात मोठा भाव होता. हाताने केलेल्या कागदावर हाताने लिहिलेल्या लग्नपत्रिका ती करून देई. लोक हॉल नंतर ठरवतात, रेवाची तारीख आधी घेतात, अशी मैत्रिणी तिची चेष्टा करीत. रेवाला ही चेष्टा आवडायची.

आज ती स्वतःच्याच लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. पण पत्रिका आता तिच्या हातात नव्हती.

झालं होतं असं. तिने पाकीट पुढे करताच बुवांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि उठून दत्ताच्या पादुकांपुढे ठेवलं.

"येतलंय," ते म्हणाले. म्हणजे लग्नाला येणार.

रेवा गोंधळली. तुमची पत्रिका पोस्टाने यायची आहे, ही मामाची, तुम्हाला नुसती दाखवायला आणली, जरा उघडून बघा, असं तिने भराभर सांगितलं. बुवांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि बोरू तासायला बसले. आता देवापुढे ठेवलेलं परत कसं मागायचं, हे काही रेवाला कळेना. शेवटी तिने तोंडानेच वर्णन करायला सुरुवात केली.

कागद केळीच्या खोडाच्या सोपटाचा, स्वतः लगदा करून, गाळून, उन्हात वाळवलेला. कडा कापलेल्या नाहीत, बोटांनी फाडलेल्या, लाट ओसरताना वाळूवर रेघ उमटते तशा. बांधायला काथ्याची बारीक दोरी. गोरज मुहूर्त आहे, म्हणून खालच्या बाजूला अगदी फिकट शेंदरी रंगाचा हात फिरवलेला. सांगता सांगता ती चांगलीच रंगात आली. आपलं काम तिला मनापासून आवडत होतं आणि ते लपवायची तिला सवय नव्हती.

"आणि अक्षर तुम्ही शिकवलेलं," ती म्हणाली. "तरी मामा बोलत नाही."

खरं दुखणं हे होतं.

लग्न ठरलं होतं याच गावच्या किनाऱ्यावर, वाळूत मांडव घालून. पुण्याची, नागपूरची मंडळी त्यासाठी मुद्दाम येणार होती. जयवंतमामाला मात्र हे कुणी वेळेवर सांगितलंच नाही. भाचीचं लग्न गावात म्हणजे आपल्याच दारात, असं तो धरून चालला. त्याने घरापुढचं खळ्याचं अंगण वाढवलं, मांडव मावावा म्हणून कडेचं कोकमाचं, रतांब्याचं झाड तोडलं, आणि मोठ्या हौसेने रेवाला फोन केला. ती तेव्हा कुणाच्या तरी पत्रिकेत गुंतली होती. तुझ्या खळ्यात एवढ्या गाड्या कुठे लागणार मामा, असं ती हसत म्हणाली.

मामा हसला नाही. त्या दिवसापासून तो फोनवर येईना. मामी येई, आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवी.

मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तो नसेल तर आईच्या एखाद्या चुलतभावाला उभं करू, असं सासरच्यांनी सुचवलं, तेव्हा रेवाची आई ताटावरून उठून गेली. रेवाही न्हाणीघरात जाऊन रडली. मग डोळे पुसून, तिला जे येत होतं ते तिने केलं. मामासाठी खास पत्रिका केली.

ती कुरिअरने गेली. उत्तर आलं नाही.

रेवाने विचार केला, फारच शहरी झाली असेल. दुसरीवर तिने माडाच्या झावळ्या काढल्या. तीही गेली, उत्तर नाही. तिसरीवर मामाचं घर, तुळस, खळं, आणि खळ्याकडेचं रतांब्याचं झाडसुद्धा काढलं. ते झाड आता तिथे नव्हतं.

तरी उत्तर नाही.

"ही चौथी," रेवा म्हणाली. "आता मला काही सुचत नाही. रंग चुकतोय, कागद चुकतोय की शब्द चुकतायत, काही म्हणता काही कळत नाही. तुम्ही सांगा, मी पाचवी करते."

बुवांनी सुरी मिटली.

"खयच्या वाटेन इलंस?"

हा काय प्रश्न झाला, असं रेवाला वाटलं. तरी ती म्हणाली, "वरच्या रस्त्याने. रिक्षा केली."

"साकवावरसून जवळ पडता."

"माहीत आहे..."

ओढ्यावरचा तो छोटा साकवाचा पूल उतरलं की मामाचं खळं. पायवाट खळ्याला लागूनच मठाकडे येते. लहानपणी ती त्याच वाटेने धावत यायची. आज रिक्षावाला साकवापर्यंत सोडायला तिकडेच वळत होता. तिनेच त्याला थांबवलं आणि वरून घ्यायला सांगितलं. मामा ओटीवर बसलेला असला आणि आपल्याला पाहून त्याने तोंड फिरवलं, तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

बुवांनी बोरू बाजूला ठेवला.

मग ते आपणहून बोलले. जयवंत रोज आरतीला येतो, टाळ तोच धरतो. परवा आरती झाल्यावर उशिरापर्यंत बसला होता. भाचीच्या पत्रिका येतात म्हणाला.

रेवा पुढे सरकली. त्याला कुठली आवडली, तिने विचारलं. तिसरी आवडली का?

"एक पण उघडूक नाय तेणां."

तिन्ही पाकिटं मामाच्या देव्हाऱ्यात आहेत, बुवांनी सांगितलं. हळदकुंकू लावून ठेवली आहेत. बंद आहेत तशीच.

म्हणजे झावळ्या त्याने पाहिल्याच नाहीत. तुळस पाहिली नाही. ते झाडही पाहिलं नाही. मग इतके दिवस आपण नेमकं सुधारत काय होतो? आणि एवढा राग होता, तर पाकिटं चुलीत घालायची. हळदकुंकू कशाला लावलं? आणि हळदकुंकू लावण्याइतकी माया होती, तर उघडून बघायला काय झालं होतं?

तिला राग आला. मग रडू आलं. मग रडू आल्याचा पुन्हा राग आला. नाक ओढत तिने इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा तिची नजर पादुकांवर गेली. चौथं पाकीटही तिथे तसंच बंद पडून होतं.

"तुम्हीसुद्धा उघडली नाहीत," ती म्हणाली.

"नाय."

"तरी येतो म्हणालात. तुमची नव्हती ती, तरी. मामानेही उघडली नाही. एक सोडून तीन पाठवल्या, आणि तो येत नाही. कागद माझाच, अक्षर माझंच, पाकीटही दोन्हीकडे बंद. मग तुम्ही येणार आणि तो येणार नाही, हे कसं काय, बुवा? मला खरंच कळत नाही."

बुवा उठले. पादुकांपुढचं पाकीट त्यांनी उचललं, पुन्हा एकदा कपाळाला लावलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं.

"माझ्याकडे तू इलंस."