भेगेचं टोक

एकदा एका बापलेकांनी लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक घेतला. सैन्यानं निकाली काढलेला, पण हाडापेरानं दणकट. दोघांनी मिळून तो दुरुस्त करायचा आणि डोंगरावरच्या वाड्यांना पाण्याच्या टाक्या पोचवायच्या, असा बेत होता. इंजिन उतरवलं, आणि लग्नाच्या वयाला आलेला तो मुलगा तापानं फणफणला. आठवडाभरात गेलासुद्धा.

बाप रडला नाही. तेरावं उरकलं आणि दुसऱ्या सकाळी तो ट्रक ट्रॅक्टरनं ओढून आणून एका वृद्ध मिस्त्रीच्या दारात उभा राहिला. त्या मिस्त्रीची हयात अशाच लष्करी गाड्यांखाली गेलेली.

"मला शिकवा, उस्ताद. हा ट्रक मी माझ्या हातानं उभा करणार."

पंचेचाळिशी गाठलेला शिष्य! मिस्त्रीनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता पाना हातात दिला.

मग काय विचारता! नवं इंजिन आलं, पॉवर स्टिअरिंग आलं, ब्रेक बदलले, केबिनला नवे दिवे लागले. जे जे त्या मुलानं मनात योजलं होतं, ते ते सगळं झालं. घरात मात्र या माणसाचा पाय ठरेना. बायकोनं मुलाचा विषय काढला, की हा चपला घालायचा. "अगं, डिझेल पंप यायचाय, जाऊन येतो." असं दोन-चारदा झाल्यावर बिचारीनं विषय काढणंच सोडलं. बोलणं मीठ-पिठापुरतं उरलं. सांगताना जीव तुटतो, पण त्या घरात मुलाचं नाव उच्चारायची चोरी झाली होती.

ट्रक रस्त्यावर आला आणि लवकरच त्याच्या चेसीला, म्हणजे ज्या लोखंडी कण्यावर सगळा भार असतो त्याला, भेग पडली. शिष्यानं वरून जाड पट्टी वेल्डिंग केली. काही खेपा झाल्या, आणि पट्टीच्या कडेला नवी भेग. तिच्यावर आणखी जाड पट्टी. पुन्हा कडेलाच भेग! मिस्त्री "नको रे, नको" म्हणत होता, पण ऐकतो कोण?

अखेर एका दुपारी शिष्य ट्रकखालून बाहेर आला आणि तिथंच मातीत बसला. "संपलं, उस्ताद. हा ट्रकही गेला तर माझ्याजवळ माझ्या पोराचं काय राहिलं?"

मिस्त्रीनं ग्राइंडर लावून सगळ्या पट्ट्या काढल्या. उघड्या लोखंडावर रॉकेल चोळलं, पुसलं, आणि वर खडू फासला. भेगेत मुरलेलं रॉकेल झिरपून हळूहळू त्या पांढऱ्यावर एक काळसर रेघ उमटत गेली. डोळ्याला दिसत होती त्याहून बोटभर लांब. ती जिथं संपली, नेमकं तिथं त्यानं ड्रिल टेकवलं आणि आरपार भोक पाडलं.

"अहो, काय करताय?" शिष्य ओरडला. "आधीच मोडलंय त्याला भोक कसलं पाडताय?"

मिस्त्रीनं ड्रिल खाली ठेवलं. "भेग तिच्या अणकुचीदार टोकानं पुढे सरकते, बाबा. तू पट्टी मारलीस, टोक झाकलं गेलं. ते मेलं नाही. वरचा ताण पट्टीच्या कडेला साठला आणि तिथून फाडत सुटला. म्हणून आधी टोक शोधायचं आणि तिथंच भोक पाडायचं. भोक गोल असतं, ताणाला तिथं धरायला टोक मिळत नाही. मग भेग थांबते. भरून येत नाही हं, नुसती थांबते. हा ट्रक यापुढे पुरा भार कधीच उचलणार नाही. अर्धी टाकी नेईल, तेवढ्यावर समाधान मान."

त्यानं फडक्याला हात पुसले. मग हलकेच म्हणाला, "वर्ष झालं तू माझ्याकडे येतोयस. तुझ्या पोराचं नाव मला अजून ठाऊक नाही."

शिष्य उठला. तसाच काळ्या हातांनी घरी गेला.

बायको तांदूळ निवडत होती. त्याला अवेळी आलेलं पाहून ती ताट वाढायला उठली.

"बस जरा," तो म्हणाला.

ती बसली. तो समोर बसला.

"आपला सुदर्शन गेला गं."

तिच्या तोंडून जो हंबरडा फुटला, तो ऐकून शेजारीपाजारी दारात आले. तो उठून गेला नाही. वर्षभराचं रडणं दोघं एकमेकांसमोर बसून रडली, आणि त्यानं काही हलकं झालं असं मी म्हणणार नाही.

दिवेलागणीला तिनं पदरानं तोंड पुसलं.

"अहो," ती म्हणाली, "अजून एकदा घ्या ना त्याचं नाव."

त्यानं घेतलं.