वैद्यानं लांबवलेलं आयुष्य

डोंगराआडच्या एका गावात विसोबा नावाचा वैद्य राहत असे. त्याच्या हाताला गुण होता, पण मनाला एकच प्रश्न कुरतडत असे. बैल थकतो, आंबा वठतो, माणूस वाकतो, ते का?

पुष्कळ वर्षं रोगी तपासून त्याला उमगलं, की शरीर रोज झिजतं आणि रोज भरूनही निघतं. वय वाढलं की झीज चालूच राहते, भर मात्र मागे पडते. ही भर टिकवणारी मुळी शोधत तो रानोमाळ हिंडला. अखेर एकदाच सापडली, पुन्हा कुठे दिसली नाही; आणि चाटण झालं ते दोघांपुरतंच.

त्यानं एक वाटी बायकोपुढे धरली. सगुणानं विचारलं, "आणि आपला यशवंता?"

"तो रांगतोय अजून. आत्ता दिलं तर जन्मभर रांगताच राहील. आणि ठेवावं म्हटलं, तर हे उद्या नासेल."

"मग मला नको. माझं पोर म्हातारं झालेलं बघायला मी कशाला मागे राहू? तुम्हीही घेऊ नका."

विसोबानं ऐकलं नाही. आपली वाटी त्यानं चाटून संपवली. सगुणाची वाया कशाला घालवायची, म्हणून तीही संपवली.

वर्षं सरली. विसोबा होता तसाच राहिला, सगुणाचे केस पिकले. एकदा बाजारात एक परका दुकानदार त्याला म्हणाला, "आईला सावलीत बसवा." विसोबा हसला. सगुणा हसली नाही. पुढे ती त्याच्यासोबत बाजाराला गेलीच नाही. एका हिवाळ्यात ती वारली.

मग यशवंताची पाठ वाकली, दात पडले. शेवटच्या आजारात त्याचं पांढरं डोकं मांडीवर घेऊन विसोबा बसला होता. यशवंता पुटपुटला, "बाबा, भीती वाटते हो."

दारात जमलेल्या, गावात नव्या आलेल्या बायका कुजबुजल्या, "म्हातारा भ्रमलाय. नातवाला बाबा म्हणतोय."

विसोबाच्या ओठांवर आलं, 'अगं बायांनो, मी बापच आहे त्याचा.' पण सांगून कोणाला पटणार? तो यशवंताच्या कपाळावरून हात फिरवत राहिला. त्याच मांडीवर मुलानं प्राण सोडला.

त्यानंतर त्याला ओळखणारं कुणी उरलं नाही. औषधापुरते लोक येत, वैद्यबुवा म्हणून नमस्कार करत आणि उठून जात. त्यानं जुनी आठवण काढली, तर एकमेकांकडे बघत.

एकदा नदीकाठच्या एका आंधळ्या म्हातारीला तो औषध द्यायला गेला. आवाजावरून तिनं त्याला तरणा पोरगा समजून म्हटलं, "बस रे. जेवलास का?"

किती वर्षांत त्याला कुणी 'अरे' म्हटलं नव्हतं! त्याला रडू फुटलं. हुंदके देत त्यानं तिला सगळं सांगितलं.

म्हातारीनं चाचपडत त्याचा हात धरला. "खरं असेल तर फार एकटा पडलास रे बाळा. माझे काही फार दिवस नाहीत उरले. तोवर येत जा."

तो रोज जात राहिला. नदीला आलेलं पावसाळ्याचं पाणी ओसरायच्या आत म्हातारीही गेली. विसोबानं तिच्या झोपडीचं दार ओढून घेतलं. पण आता कुठे जावं, ते त्याला सुचेना.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: औषधानं आयुष्य लांबेलही, पण ज्यांच्यामुळे ते आपलं वाटतं, ती माणसं त्याबरोबर लांबत नाहीत.