मैनूच्या कॅलेंडरातली आई

फार जुनी नाही आणि अगदी आजकालचीही नाही, अशी ही गोष्ट आहे.

डोंगराच्या कुशीत नांदगिरी नावाचं थंड हवेचं गाव होतं. गावाच्या टोकाला एक इवलंसं कौलारू घर होतं आणि घरामागे घराहून कितीतरी मोठी बाग. त्या बागेत काय नव्हतं! दुधासारखा पांढराशुभ्र अनंत, केशरी अबोली, निळीनिळी गोकर्ण, हळदीच्या रंगाची शेवंती आणि कुंपणाच्या कडेनं गुलाबी-जांभळा तेरडा. मैनू नावाची एक छोटी मुलगी आणि तिची आई सगुणा, दोघीच तिथं राहायच्या.

पूर्वी सगुणा देवळापाशी बसून गजरे विकायची. मग एके दिवशी घरात स्टोव्ह भडकला आणि तिच्या चेहऱ्याची एक बाजू भाजली. गाल आकसला. एक डोळा अर्धवट मिटल्यासारखा झाला. त्यानंतर मैनूचे बाबा शहरात कामाला म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत. आणि देवळात येणाऱ्या बायका दुसरीकडून फुलं घेऊ लागल्या. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त तिच्या टोपलीसमोर कुणी थांबेना. संध्याकाळी टोपली भरलेली तशीच घरी यायची, आणि त्या दिवशी दोघी नुसती पेज पिऊन झोपायच्या.

मैनू खूप छान चित्रं काढायची. रंग विकत कुठून आणणार? ती पळसाच्या गळून पडलेल्या पाकळ्या उकळायची, हळद कालवायची, पालकाचा रस गाळायची. पण चित्रासाठी तिनं कधी फूल खुडलं नाही. ती फुलासमोर ओल्या मातीत फतकल मारून बसायची आणि बघत राहायची.

एकदा ती अशीच तेरड्यासमोर बसली होती. एक टप्पोरं हिरवं बोंड फट्‌कन फुटलं आणि बियांऐवजी त्यातून बोटाएवढी परी बाहेर पडली! तिचे पंख तेरड्याच्या पाकळीसारखे गुलाबी होते आणि केसांत दवाचे थेंब चमचमत होते.

“घाबरू नकोस गं,” परी म्हणाली. “सगळे जण फूल आधी खुडतात आणि मग बघतात. तू नुसती बघतेस. म्हणून तुला तीन इच्छा देते. पण अटी आहेत हं.”

“कसल्या अटी?” मैनूनं हळूच विचारलं.

“मागशील ते तुझ्या बागेतलंच माग, दुसऱ्याच्या कुंपणातलं नको. एका इच्छेत एकच गोष्ट माग. तिन्ही इच्छा संपेपर्यंत माझं नाव कुणापाशी काढायचं नाही, आईपाशीसुद्धा नाही. आणि सगळ्यांत मोठी अट ही, की तुझ्या चित्रात जे होईल ते बागेत होईल. म्हणून चित्राला जप.”

मैनूनं खूप विचार केला. बाजारात विमलकाकूंचं भेटवस्तूंचं दुकान होतं. तिथं रंगीत कॅलेंडरं टांगलेली असत. त्यांत बर्फाचे डोंगर आणि कधी न पाहिलेली फुलं असायची. मैनूला वाटायचं, आमच्या बागेत तर प्रत्येक महिन्याला वेगळं फूल आहे!

“मला बागेतली फुलं चित्रात धरून ठेवता येऊ दे,” ती म्हणाली.

परीनं पंख फडफडवले. मैनूच्या तळहातावर सुपारीच्या डबीएवढा कॅमेरा आला. त्याची काच दवाच्या थेंबासारखी लखलखत होती.

मग वर्षभर मैनू फोटो काढत राहिली. जानेवारीत शेवंती, एप्रिलमध्ये मोगरा, जूनमध्ये अनंत, ऑगस्टमध्ये तेरडा. आणि प्रत्येक फोटोत कुठे ना कुठे आई असायचीच. बाग म्हणजे आई आणि आई म्हणजे बाग, तिला वगळून फोटो निघणार तरी कसा? कुठे ती आळं करत होती, कुठे कळ्या वेचत होती. जूनच्या फोटोत तर ती अनंताच्या फुलाशी गाल नेऊन हसत होती. तोच भाजलेला गाल.

मैनूनं प्रत्येक फोटोभोवती आपल्या रंगांनी वेलबुट्टी काढली. एका कोपऱ्यात तिनं लालचुटूक ठिपक्यांचा किडा काढला, तर खरोखरच कढीपत्त्यावर तसाच किडा तुरुतुरु चालू लागला. मैनू टाळ्या पिटत नाचली. मग तिनं दुसरी इच्छा मागितली, “याची पुष्कळ कॅलेंडरं होऊ देत!” आणि कॅलेंडरांचा नवाकोरा गठ्ठा पडवीत येऊन बसला.

“हे वरचं पहिलं जप,” परी म्हणाली. “यात रेघ उमटली की सगळ्यांत उमटेल. आता एक इच्छा उरली. काय मागतेस?”

मैनूनं ते केव्हाच ठरवलं होतं. “परीताई, माझी आई बागेतली आहे का गं?”

“बागेत उभी असली म्हणजे बागेतलीच.”

“मग दिवाळीला मागते. पहिल्या दिवशी. तिच्या चेहऱ्याचं आहे. मला तिला भेट द्यायचीय.”

परीनं तिच्याकडे बघितलं. “उशीर नको करूस हं, बाळ,” ती म्हणाली आणि तेरड्यात दिसेनाशी झाली.

गठ्ठा बघून आई चपापली. “मैने, हे कुठून आलं गं?”

“सगळं झालं की सांगेन, आई.”

“चोरून नाही ना आणलंस?”

“नाही.”

“मग बरं,” आई म्हणाली. तिनं पानं उलटली. आपला चेहरा दिसला की ती भरभर पुढे जायची. पण फुलांवरून मात्र तिनं हलकेच बोट फिरवलं.

दिवाळी अगदी तोंडावर आली. मैनूनं पहिलं कॅलेंडर घरी जपून ठेवलं, आणि दोघी बाकीचा गठ्ठा घेऊन बाजारात गेल्या. आई दुकानाबाहेरच भिंतीला टेकून उभी राहिली. “तू जा आत. मी आहे इथे.”

विमलकाकूंनी चष्मा लावला. “अगंबाई! काय सुरेख गं! ही वेलबुट्टी तू काढलीस? दिवाळीच्या भेटीला लोक हेच नेतील बघ.” त्या पान उलटत गेल्या. मग थांबल्या. आणखी एक पान उलटलं. “बाळ, ही बाई सगळीकडे का आहे?”

“माझी आई आहे ती.”

विमलकाकूंनी कॅलेंडर मिटलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मैनूच्या हातावर चिरोटा ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “मला समजतं गं. पण लोक कॅलेंडर दिवाणखान्यात लावतात. सणासुदीला भिंतीवर असा चेहरा कोण लावून घेईल? एवढी बाई काढून टाक, मी आख्खा गठ्ठा घेते. पुढच्या वर्षीही घेईन.”

मैनूनं चिरोटा तसाच गल्ल्यावर ठेवला. पण मग तिच्या मनात लख्ख प्रकाश पडला. दिवाळीची वाट कशाला बघायची? आजच परीला हाक मारायची! आईचा चेहरा बरा झाला की चित्रातलाही होईल!

“मी येतेच, काकू!” ती बाहेर धावली.

भिंतीपाशी आई नव्हती.

मैनूनं बाजारभर शोधलं. पणत्यांच्या हातगाडीपाशी, देवळापाशी, नळापाशी. आई कुठेच नव्हती. दुकानाच्या उघड्या खिडकीखालीच तर ती उभी होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला होता.

मैनू घरी पोचली तेव्हा आई बागेत बसली होती. मांडीवर पहिलं कॅलेंडर, हातात मैनूचा ब्रश, शेजारी पालकाच्या हिरव्या रंगाची वाटी. एकेका पानावरच्या स्वतःच्या अंगावर ती पानं काढत होती. हिरवी, सुबक, नाजूक पानं.

“आलीस?” ती म्हणाली. “बघ, जमलंय की नाही. फुलांना मी धक्का लावला नाही हं. आता घेतील ना काकू?”

पण तिचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. मैनूनं बघितलं. आईचे पाय दिसत नव्हते. तिच्या पदरातून पलीकडची कर्दळ दिसत होती. एक फुलपाखरू भिरभिरत आलं आणि तिच्या खांद्यातून आरपार निघून गेलं.

“आई, थांब! ब्रश ठेव!”

“हे एवढं शेवटचं,” आई म्हणाली आणि तिनं डिसेंबरवर हिरवा रंग ओढला. ब्रश टपकन खाली पडला. तो धरायला तिथं हातच उरला नव्हता.

मैनूनं झग्यानं रंग पुसला. रंग निघेना, नुसता फरफटला. ती तेरड्याकडे धावली आणि रडत ओरडली, “परीताई! परीताई!”

बोंड फुटलं. परी बाहेर आली. आज तिच्या पंखांवर चमचम नव्हती.

“माझी आई परत आण! आणि तिचा आधीचा चेहरा...”

“एकच, मैनू,” परी हळूच म्हणाली. “एका इच्छेत एकच.”

“पण ती माझ्यासाठीच गेली गं! तिला माहीत नव्हतं!”

“माहीत नव्हतं खरं. तुला सांगू दिलं नाही, ती अट माझीच. पण अटी मलाही मोडता येत नाहीत.”

मैनूनं फ्रॉकच्या कडेनं डोळे पुसले. “मग आई दे. जशी होती तशी दे.”

चित्रांवरची हिरवी पानं सुकली, चुरगळली आणि गळून पडली. अनंताच्या झाडाखाली आधी दोन पाय उमटले, मग लुगड्याचे काठ, मग हात, मग चेहरा. तोच. आकसलेला गाल, अर्धवट मिटलेला डोळा. मैनूनं तिला इतक्या जोरात मिठी मारली, की दोघी मातीत पडल्या.

“मैनू,” परी म्हणाली, “मला एक कॅलेंडर देशील?”

“तुझ्याकडे भिंत आहे?”

“नाही. पण मी रोज उघडून बघेन. मला जूनचं पान आवडतं.”

मैनूनं ते पहिलं कॅलेंडर तिच्यापुढे धरलं. परीनं त्याला स्पर्श केला, तसं ते पाकळीएवढं झालं. मग गुलाबी, जांभळा, सोनेरी उजेड तेरड्याच्या रांगेवरून सळसळत गेला, सगळी बोंडं एकदम फट्‌फट्‌ फुटली आणि परी त्या उजेडात विरून गेली. तेरडा पुढच्या वर्षीही फुलला, पण त्यातून पुन्हा कधी कुणी आलं नाही.

त्या संध्याकाळी मैनूनं आईला परीची आणि इच्छांची सगळी गोष्ट सांगितली. म्हणजे जवळजवळ सगळी.

मैनूनं आईला चित्रांतून काढायला नकार दिला, म्हणून विमलकाकूंनी कॅलेंडरं घेतली नाहीत. “तुझी मर्जी, बाळ,” म्हणाल्या. त्या दिवाळीत त्यांच्या दुकानात पुन्हा बर्फाचे डोंगर टांगले गेले. मैनू आपला गठ्ठा घेऊन बस स्टँडवर बसली. लोक थांबायचे, पानं उलटायचे, आणि मग त्यांची बस लागायची.

एक तरुण मुलगी मात्र जूनच्या पानावर खूप वेळ थांबली. “ही कोण गं?”

“माझी आई.”

“हसतेय.” तिनं पर्स उघडली. “एक दे मला. ताईला पाठवते. तिचंही असंच झालंय. तिनं घरातले सगळे आरसे उलटे करून ठेवलेत.”

पुढे त्या ताईचं पत्र आलं. कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलंय, इतकंच त्यात होतं. आईनं ते पत्र कितीदातरी वाचून घेतलं. मग आणखी थोडी कॅलेंडरं गेली. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या शिवणवर्गात, कुणाच्या बहिणीला, कुणाच्या सुनेला. फार नाही. तांदूळ आणता आले, कौलं बदलता आली नाहीत.

आणि मग वर्ष सरलं. सरलेल्या वर्षाचं कॅलेंडर कोण घेणार? पहिलं कॅलेंडर परीपाशी सुखरूप होतं, म्हणून उरलेल्या गठ्ठ्यातली चित्रं आईनं बिनधास्त कापली आणि पुठ्ठ्याच्या घड्यांवर चिकटवून शुभेच्छापत्रं केली. त्यांना तारीख नसते. आता ती स्वतःचा चेहरा असलेला तुकडाही बाजूला टाकत नसे.

असंच एके दुपारी चिकटवता चिकटवता तिनं विचारलं, “मैने, ती तिसरी इच्छा माझ्यापायी गेली. तू ती मुळात कशासाठी ठेवली होतीस गं?”

मैनूनं आईकडे बघितलं. उन्हात तिचा गाल गुळगुळीत चमकत होता.

“ब्रशासाठी,” मैनू म्हणाली. “चांगला, बारीक टोकाचा.”

“एवढंच?” आई हसली. हसताना तिच्या चेहऱ्याची एकच बाजू हलली. “वेडी गं माझी! ब्रशासाठी कुणी परीला वर्षभर ताटकळत ठेवतं का?”

मैनूही हसली. मग तिनं मान खाली घातली आणि पुढच्या पुठ्ठ्याला खळ लावू लागली.